दुपारी आडवं होता येतं का?

आमच्या कामात किस्से शोधावे लागत नाहीत. फॉर्ममधल्या प्रत्येक प्रश्नाखाली शेवटी एक रकाना असतो, 'इतर'. हो, नाही, माहीत नाही, यातलं काहीच बसलं नाही की माणसाचं उत्तर तिथं टाकायचं. ऑफिसला वाटतं, तिथं चार-दोन शब्द येतील. आमच्या टॅबमध्ये तोच रकाना सगळ्यात जास्त भरलेला असतो! चहाला बसलो की मन्मथ त्यातलं एक काढतो, सय्यद सर दुसरं काढतात आणि एकाचे तीन चहा होतात.

मी सहसा ऐकत बसतो. बोलायला मला जरा वेळ लागतो, आणि मी तोंड उघडेपर्यंत विषय बदललेला असतो. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

आधी काम काय ते सांगतो. गावातली माणसं कितपत बरं जगतात, ते मोजायचं. पाणी, दवाखाना, रस्ता हे तर विचारायचंच, पण 'तुम्हाला कसं वाटतं' हेही विचारायचं. आणि आपलं आपण मोजून निघून यायचं नाही. गावातलेच भागीदार सोबत घ्यायचे, काय मोजायचं ते त्यांनाही ठरवू द्यायचं. पुण्याच्या केतकी मॅडम आमच्या प्रमुख. "आपण गावाला मोजायचं नाही, गाव स्वतःला मोजणार आहे," असं त्या ट्रेनिंगमध्ये म्हणाल्या. मी ते वहीत लिहून घेतलं. नीट अजूनही कळलेलं नाही.

टीम आमची तिघांची. सय्यद सर नांदेडचे, आमचे सुपरवायझर. घरचं अत्तराचं दुकान भावाच्या हवाली करून या कामात आले. मन्मथ लातूरचा, समाजकार्यातली मोठी पदवी घेतलेला. बोलायला लागला की समोरचा स्वतःहून पाणी आणून देतो. आणि मी, गोविंद. माझं शिक्षण नववी.

शाळा सुटल्यावर मी झेरॉक्सच्या दुकानात होतो. या ऑफिसचे फॉर्म तिथं यायचे. एकदा एक पान उलटं लागलेलं मी सरांना दाखवलं, तर ते म्हणाले, "कामाचा माणूस आहेस! येतोस का आमच्याकडं?" त्यांना घाई होती. शिक्षणाचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. जागा बारावी पासची होती, हे नंतर कळलं. त्या जाहिरातीच्या झेरॉक्स मीच काढल्या होत्या, फक्त वाचली नव्हती!

आमच्या फॉर्ममधला तिसराच प्रश्न, 'शिक्षण किती?' मी विचारतो, समोरचा सांगतो आणि लगेच विचारतो, "आन् तुमचं?"

"झालंय थोडं," मी म्हणतो आणि घाईघाईनं चौथ्या प्रश्नावर जातो.

* * *

सुरुवात धर्माबादकडच्या एका गावात झाली. फॉर्ममध्ये एक शिडीचं चित्र आहे, दहा पायऱ्यांचं. सगळ्यात वर चांगल्यात चांगलं आयुष्य, खाली वाईटात वाईट. "तुम्ही कितव्या पायरीवर?" असं विचारायचं. आमचे भागीदार होते निवृत्त पोस्टमन नरसय्या काका. घरन् घर त्यांना पाठ. म्हणाले, "तुम्ही निस्तं या. गावाची तयारी मी करून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या घरात उत्तर आलं, आठ. दुसऱ्या घरात आठ. तिसऱ्या घरातल्या आजोबांनी तर मी चित्र काढायच्या आतच सांगितलं, "आठ!" एका घराला कुलूप होतं, तर शेजारीण म्हणाली, "त्येंचंबी आठच लिवा. जाताना सांगून गेल्यात."

संध्याकाळी सय्यद सरांनी टॅब बघितला आणि चष्मा पुसून परत बघितला. "अख्खं गाव आठव्या पायरीवर? अरे मियाँ, शिडी मोडेल ना!"

मग कळलं. काकांनी सकाळीच देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं होतं, "पाहुणे शिडी घेऊन येणार हायत. कुणी गोंधळ करू नये. सगळ्यांनी आठ सांगावं. दहा सांगितलं तर गर्व दिसतो!"

आम्ही पुढच्या गावाला गेलो. तिथं आमच्याआधी बातमी पोहोचली होती. पहिल्याच ओट्यावरचा माणूस म्हणाला, "आठवाल्या गावाला काय मिळालं?"

"काही नाही," मी खरं ते सांगितलं.

"मग आमचं एक लिवा!"

त्या गावात सगळे एकवर. चारच दिवसांत मॅडमचा फोन आला. दोन गावं इतकी जवळ, जमीन तीच, बाजार तोच, मग समाधानात एवढा फरक कसा? अभ्यास करायला पाहिजे!

सर फोन कानाला धरून एक फेरी मारून आले. शेवटी म्हणाले, "मॅडम, मधी नाला आहे."

* * *

निलंग्याच्या रस्त्यावर अप्पांचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, तीन बाकडी आणि एक भट्टी. अप्पा आमचे भागीदार झाले, कारण त्यांचं म्हणणं होतं की गावाची हालत त्यांना फॉर्म न भरता कळते.

"कशी?" मन्मथनं विचारलं.

"कपावर. दिवस बरे असले की माणूस आपला आपला चहा घेतो. ताण असला की दोघांत एक सांगतो."

मन्मथ उडालाच! हीच तर गावातली खूण, हेच तर मॅडमना पाहिजे. त्यानं तिथंच फोन लावला. मॅडम म्हणाल्या, आठवडाभर मोजा. मी कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसलो आणि मोजायला लागलो. पूर्ण चहा किती, दोघांत एक किती. दिवसेंदिवस पूर्ण चहा वाढत गेले. गाव सुधारत होतं! मला उगाचच माझ्यामुळं सुधारल्यासारखं वाटलं.

शेवटच्या दिवशी सय्यद सर आले. कागद बघितला, मग बाकड्यांकडं बघितलं. प्रत्येक बाकड्यावर एकेकच माणूस, तोंड रस्त्याकडं.

"अप्पा," सरांनी हळूच विचारलं, "लोकांची भांडणं झाली तर चहा कसा सांगतात?"

"मग काय, आपला आपला सांगतात की."

"आणि सध्या गावात?"

"सध्या? सोसायटीची निवडणूक हाय न्हवं! भाऊ भावाला बोलंना झालाय!"

मी कागदावर लिहिलं होतं, 'परिस्थितीत सुधारणा'. ते खोडायचं की ठेवायचं, मला कळेना. अप्पांना विचारलं. ते म्हणाले, "ठेवा. माझी तर सुधारलीच हाय!"

* * *

देवणी तालुक्यातले माधवनाना एकटेच राहतात. फॉर्ममध्ये प्रश्न होता, 'मनातलं दुःख कुणाला सांगता?' पर्याय होते पती-पत्नी, नातेवाईक, मित्र, शेजारी आणि इतर.

नाना म्हणाले, "वानेऱ्याला."

मी 'इतर'मध्ये नाव लिहिलं, वानेरा. कोण म्हणून विचारायचा मला संकोच वाटला. निघताना नानांनीच गोठ्यात नेलं. पांढराशुभ्र बैल, तोंडापाशी काळा. नानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ऐकून घेतो. मधी बोलत न्हाई."

आमच्या ऑफिसात एक टीम फक्त फॉर्म तपासते. पंधरा दिवसांनी त्यांचा मेसेज आला. 'वानेरा यांचा मोबाईल नंबर दिलेला नाही. संपर्क करून त्यांचाही फॉर्म भरावा.'

मी घाबरलो. शेवटी लिहिलं, 'ते बोलत नाहीत.'

उत्तर आलं, 'तर मग घरातल्या दुसऱ्या व्यक्तीकडून माहिती घ्यावी.'

आता आदेशच आला म्हटल्यावर मी परत देवणीची एसटी धरली. नाना हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. मी शिडीचं चित्र पुढं केलं, तर उठून गोठ्याकडं गेले, बैलाला पुढून बघितलं, मागून बघितलं आणि परत आले. "सात. दुपारचं ऊन पाठीवर येतंय. पत्रा टाकला की आठ."

मी सात टाकलं. तपासणाऱ्या टीमकडून काही हरकत आली नाही.

* * *

निलंगा तालुक्यातच आत एक गाव आहे. तिथला भागीदार म्हणजे बायकांचा बचत गट, आणि गटाच्या अध्यक्षा सुमनमावशी. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली शेळीसुद्धा थांबते.

मॅडम स्वतः आल्या होत्या. अंगणात सगळ्याजणी बसल्या. मॅडम म्हणाल्या, "बाई बरी जगते आहे हे कशावरून ओळखायचं? तुमची एक खूण सांगा. ती आपण फॉर्ममध्ये घालू."

एकीनं घरकुल म्हटलं, एकीनं गॅस म्हटलं. सुमनमावशी म्हणाल्या, "त्ये तुमच्याजवळ आधीच लिवलेलं असंल. माझं लिवा. दुखत-खुपत नसताना दुपारी घटकाभर आडवं होता येतं का?"

सगळ्याजणी हसल्या आणि मग एकमेकींकडं बघायला लागल्या. मॅडमनी प्रश्न लिहून घेतला.

नवा फॉर्म टॅबमध्ये आला. विचारायची पाळी आमची! पहिल्या घरातले गृहस्थ ताडकन् उठले. "आमच्या घरात असली सवय न्हाई कुणाला!" दुसऱ्यानं विचारलं, "कोण सांगितलं तुमाला?" तिसरा विचारात पडला. मग आत तोंड करून म्हणाला, "अगं, तू दुपारी आडवी होतीस का गं?"

आतून आवाज आला, "कवा?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मी त्याच्याकडं. 'हो'मध्ये बसेना, 'नाही'मध्ये बसेना. मी 'इतर'मध्ये लिहिलं, 'कवा?'

दुसऱ्या दिवशी सरपंच आले. म्हणाले, "ह्यो प्रश्न काढा. छापून आलं तर गाव आळशी दिसंल." मॅडम फोनवर म्हणाल्या, जितक्या जास्त बायका 'हो' म्हणतील, तितकं गाव चांगलं. सरपंच म्हणाले, तितकं वाईट. एक आमच्या प्रमुख, दुसरे गावाचे प्रमुख. तो आकडा वाढावा असं मला वाटायला पाहिजे की कमी व्हावा, हे मला कुणीच सांगेना.

त्याच गावात सरांनी माझी हजेरी घेतली.

"गोविंद मियाँ, मन्मथ दिवसाला बारा फॉर्म भरतो. तुमचे पाच. बाकी वेळ करता काय?"

"बसतो सर."

"कुठं?"

"ओट्यावर."

"कामून?"

"दार लावलेलं असतं. दुपारची वेळ. आत कुणी झोपलेलं असलं तर..."

"तर आवाज द्यायचा! कडी वाजवायची! मन्मथ कसा म्हणतो, 'काकू, दोनच मिनिटं!'"

मी मान हलवली. ते मला येत नाही, हे सरांना कसं सांगणार? कडीला हात लावतो, आणि तो परत खाली येतो.

* * *

उन्हाळा सरत आला तेव्हा सरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. काम आता आटोपत आलं होतं. निलंगा आणि देवणी भागात दोघांपैकी एकालाच पुढं ठेवणार होते. कोण ते गावातले भागीदार सांगणार, आणि मॅडम त्यावर सही करणार.

"निवडीच्या फॉर्ममध्ये पहिला रकाना शिक्षणाचा आहे," सर म्हणाले. "मार्कशीट आणा दोघं."

सरांना माझं तोपर्यंत कळलं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी आयुष्यात लोकांच्या मार्कशीटच्या इतक्या झेरॉक्स काढल्या की हातानं चाचपून कागद ओळखीन. स्वतःची एक नव्हती. परत झेरॉक्सच्या दुकानात जायचं नव्हतं मला. या कामात मला काही कळत नव्हतं, पण ते सोडायचंही नव्हतं. का, ते विचारू नका.

भागीदार म्हणून सुमनमावशींचा गट ठरला. मॅडम, मन्मथ आणि मी, तिघं गेलो. मन्मथनं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि फाइल आणली होती. वाटेत तो म्हणाला, "काही वाटून घेऊ नको, गोविंद." मी म्हटलं, "नाही." दोघांनाही वाटतच होतं.

गावात पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. उन्हानं रस्ता पांढरा पडलेला. मावशींच्या दारासमोर बायकांच्या सात-आठ चपला होत्या. दार लोटलेलं. मीटिंगसाठी सगळ्याजणी जमल्या होत्या, पण आवाज कुणाचाच नव्हता.

"आवाज द्या ना," मॅडम मला म्हणाल्या.

मी दारापाशी गेलो. आतून पंख्याची घरघर येत होती आणि कुणाचं तरी बारीक घोरणं. मी कडीला हात लावला. मग परत येऊन ओट्यावर बसलो.

"कुणी नाहीये का?" मॅडमनी विचारलं.

"आहेत."

"मग?"

"आहेत," मी परत म्हणालो.

मन्मथ उठला. मॅडमनी त्याला हातानंच खाली बसायला सांगितलं. त्या दाराकडं बघत होत्या. मग चपलांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मला वाटलं, झालं! पाच फॉर्मचं प्रकरण यांच्या कानावर गेलेलं दिसतंय.

तासाभरानं दार उघडलं. सुमनमावशी पदर सारखा करत बाहेर आल्या आणि मॅडमला बघून थबकल्या.

"अगं बाई! कवा आलाव?"

"झाला एक तास," मॅडम म्हणाल्या.

"आन् ह्यानं उठवलं न्हाई?"

"नाही."

मावशींनी मागं वळून आतल्या बायकांकडं बघितलं. "बगा," एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

चहा झाला. मॅडमनी निवडीचा फॉर्म काढला. मन्मथनं फाइल दिली. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"शिक्षण?" मॅडमनी विचारलं.

माझ्या तोंडावर 'झालंय थोडं' आलं होतं. पण समोर त्याच बायका बसल्या होत्या, ज्यांना मी हाच प्रश्न विचारत हिंडलो होतो, आणि ज्यांनी मला खरं सांगितलं होतं.

"नववी," मी म्हणालो.

मन्मथनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मॅडमचं पेन थांबलं. "अहो, पण इथं बारावी लागते..."

"त्ये ऱ्हाऊ द्या घटकाभर," सुमनमावशी म्हणाल्या. "आमाला इतकं इचारलाव. आता एक आमी इचारतो. तुमाला दुपारी आडवं होता येतं का?"

मॅडम हसल्या. "मला? नाही हो."

"घरी असल्यावर?"

"घरीसुद्धा नाही."

"कवापासून?"

मॅडमनी फॉर्मकडं बघितलं, त्यावर काहीतरी लिहिलं, खाली सही केली. मग नुसत्याच बसून राहिल्या.

"चटई टाक गं," मावशी आतल्या पोरीला म्हणाल्या. "उशी दे. पंखा वाढीव."

"नको, नको, मी फक्त पाच मिनिटं टेकते," मॅडम म्हणाल्या.

बायका गहू निवडायला मागच्या अंगणात गेल्या. आम्ही दोघं ओट्यावर येऊन बसलो. दारातून मॅडम दिसत होत्या. फॉर्म चटईवर पालथा होता आणि त्यावर त्यांचा हात.

"कुणाचं नाव लिहिलं?" मन्मथनं हळूच विचारलं.

"दिसलं नाही."

ऊन ओट्याच्या एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरलं. मन्मथनं घड्याळ बघितलं. "पाच मिनिटं कधीच झाली. शेवटची एसटी चुकेल बरं का!"

मी जरा सावलीत सरकून बसलो.

"अरे, उठव की! नाव तरी विचार!"

"तू उठव," मी म्हणालो.

मन्मथ झटक्यात उठला. शर्ट खाली ओढला, केसांवरून हात फिरवला, दारापाशी गेला. कडीला हात लावला. तसाच थोडा वेळ उभा राहिला.

मग परत आला, बूट काढून बाजूला ठेवले आणि माझ्या शेजारी टेकून बसला.

"झोपल्यात रे," तो म्हणाला.